शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग (इ.स. १८६९–१९३९)

मानवी मेंदूतील गाठ शस्त्राने काढून रोग्यास जगविता येते, ही गोष्ट आज आपणांस फारशी नवलाची वाटत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी कवटी उघडण्याचे धाडस करणारे शस्त्रवैद्य फार थोडे होते, आणि त्यांच्या हाती गेलेल्या रोग्यांपैकी पुष्कळ पुन्हा घरी येत नसत. ही विद्या ज्यांनी स्वतःच्या हातांनी घडविली त्यांत अमेरिकेतील डॉ. हार्वे कुशिंग ह्यांचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते. तथापि त्यांचे चरित्र येथे सांगावयास घेण्याचे आमचे कारण थोडे निराळे आहे. एका विचित्र व्याधीस त्यांचे नाव मिळाले आहे. त्या व्याधीत मनुष्य लठ्ठ होतो. पण तो लठ्ठपणा सर्वांगी सारखा नसतो. चरबी कोठे साठली आहे आणि कोठे साठलेली नाही, ह्या एका गोष्टीकडे ह्या गृहस्थांनी नीट पाहिले, जे पाहिले ते लिहून ठेविले, आणि त्याचा उलगडा होईपर्यंत वीस वर्षे धीर धरिला. आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यापासून शिकावे ते हेच, असे आम्हांस वाटते.

हार्वे ह्यांचा जन्म ता. ८ एप्रिल १८६९ रोजी ओहायो प्रांतातील क्लीव्हलंड शहरी झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील वैद्य, आजोबा वैद्य, पणजोबाही वैद्य. तेव्हा घरात औषधांचा वास आणि रोग्यांची ये-जा ही नित्याचीच. घराण्याचे वळण धर्मभीरू व शिस्तीचे होते. येल विद्यापीठात असता त्यांस बेसबॉलच्या खेळाचा मोठा नाद लागला; चित्रे काढण्याचा हातही उपजतच चांगला होता. पुढे आपण केलेल्या शस्त्रक्रियांची चित्रे ते स्वतःच काढीत, व ती आजही पाहणाऱ्यास चकित करितात. १८९१ मध्ये येलची पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत गेले आणि १८९५ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडले.

विद्यार्थिदशेतच त्यांच्यावर एक कठीण प्रसंग ओढवला. त्या काळी रोग्यास ईथर हुंगवून भूल देण्याचे काम बहुधा विद्यार्थ्यांकडेच सोपवीत असत. १८९३ मध्ये, काहीही पूर्वशिक्षण नसता, कुशिंग ह्यांस एका रोग्यास भूल देण्यास सांगण्यात आले. आणि शस्त्रक्रिया चालू असताच तो रोगी दगावला. इतरांनी ती गोष्ट मनावर घेतली नाही, कारण असे प्रकार वरचेवर घडत. कुशिंग मात्र इतके खचले की, वैद्यकी सोडून द्यावी असे त्यांच्या मनात आले. सुदैवाने त्यांनी ती सोडली नाही. अमोरी कॉडमन नामक आपल्या सहाध्यायासह त्यांनी एक साधी युक्ती काढिली : भूल दिलेली असता रोग्याची नाडी व श्वास ठराविक वेळाने मोजावयाचे आणि कागदावर आखलेल्या चौकटीत टिपून ठेवावयाचे. त्या टिपणामुळे रोग्याची प्रकृती ढासळू लागली की ती वेळीच ध्यानात येऊ लागली. आज जगातील प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असा तक्ता असतो. त्याच्या आरंभीच्या इतिहासात ह्या दोघा विद्यार्थ्यांचे नाव आहे.

मोजण्याची आणि टिपण्याची ही सवय त्यांच्या अंगी जन्मभर राहिली. १८९६ मध्ये ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य हॅल्स्टेड ह्यांच्या हाताखाली गेले. तेथेच थोर वैद्य विल्यम ऑस्लर ह्यांचा त्यांस सहवास लाभला. ऑस्लर ह्यांच्या शेजारचे घर त्यांनी व त्यांच्या मित्रांनी घेतले होते, आणि ऑस्लरांच्या ग्रंथसंग्रहात त्यांस मुक्तद्वार असे. जुन्या वैद्यकीय ग्रंथांची आवड त्यांस तेथूनच लागली. पुढे १९०० व १९०१ ह्या वर्षी त्यांनी युरोपात प्रवास करून बर्न, लिव्हरपूल वगैरे ठिकाणी मोठमोठ्या शास्त्रज्ञांजवळ काम केले. ह्या प्रवासात इटलीतील पाव्हिया गावच्या रुग्णालयात त्यांनी रिव्हा-रोची ह्यांचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र पाहिले. दंडाभोवती रबरी पट्टा गुंडाळून त्यात हवा भरावयाची आणि पाऱ्याच्या नळीवरून रक्ताचा दाब वाचावयाचा, असे ते यंत्र होते. त्याचा नमुना कुशिंग अमेरिकेस घेऊन आले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा उपयोग करू लागले. नाडीवर ठेविलेले अनुभवी बोट पुरे आहे, यंत्र कशास हवे, असे मानणारे वैद्य त्या काळी पुष्कळ होते. काळाने निकाल कोणाच्या बाजूने दिला हे सांगावयास नको.

१९०२ मध्ये कॅथरिन क्रोवेल ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला व पुढे त्यांस पाच अपत्ये झाली. ह्याच सुमारास त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेस स्वतःस वाहून घेतले. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळाच्या मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी लोंबत असते. तिचे नाव पिट्यूटरी. ती काय करिते हे त्या काळी नीटसे ठाऊक नव्हते. ह्या ग्रंथीत बिघाड झाला असता कोणी राक्षसासारखा वाढतो, तर कोणाची वाढ खुंटते, असे हळूहळू दिसून येऊ लागले होते. १९०९ मध्ये कुशिंग ह्यांनी हातपाय व जबडा बेसुमार वाढत चाललेल्या एका शेतकऱ्याच्या ह्या ग्रंथीवर नाकाच्या बाजूने वाट काढून शस्त्रक्रिया केली, आणि तो मनुष्य त्यानंतर पुष्कळ वर्षे जगला. मग तर देशोदेशींचे असे रोगी त्यांच्याकडे येऊ लागले. प्रत्येकाची उंची, वजन, हातापायांची मापे, दृष्टी, पूर्ववृत्त, सर्व काही ते लिहून घेत व छायाचित्रही काढवीत.

अशातच १९१० च्या अखेरीस मिनी नावाची तेवीस वर्षांची एक तरुणी त्यांच्याकडे आली. तिची उंची अवघी ४ फूट ९ इंच होती. डोकेदुखीने ती बेजार झाली होती. चेहरा वाटोळा फुगलेला, मान आखूड दिसणारी, पोट अतोनात सुटलेले. आणि हातपाय मात्र त्या मानाने बारीक. कातडी पातळ, जरा धक्का लागला की काळेनिळे डाग पडत. पोटावर जांभळ्या रंगाचे रुंद पट्टे उमटलेले. चेहऱ्यावर पुरुषासारखे केस आलेले, पाठीस बाक आलेला, रक्तदाब वाढलेला, आणि स्त्रियांचा मासिक धर्म कित्येक वर्षांपूर्वीच थांबलेला. अशा मुलीकडे पाहून जग काय म्हणत असेल, ह्याची कल्पना आपण सहज करू शकतो. लठ्ठ मनुष्य खादाड असावा, आळशी असावा, असा निवाडा आपण रस्त्यावरच देऊन मोकळे होतो. कुशिंग ह्यांनी तो निवाडा दिला नाही. खाण्याने आलेली चरबी दंड, मांड्या, पिंढऱ्या ह्यांवरही चढते. मग येथे ती चेहरा, मानेचा मागचा भाग आणि धड एवढ्यावरच का चढली, आणि हातपायांचे मांस का झडले, हा प्रश्न त्यांनी स्वतःस घातला. शरीरातील ग्रंथींपैकी कोणाचे तरी काम बिघडले आहे हे त्यांनी ओळखिले. पण नेमके कोणाचे, हे सांगण्याइतका पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. म्हणून १९१२ मध्ये पिट्यूटरी ग्रंथीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करिताना त्यांनी मिनीची हकीकत अनेक ग्रंथींचा बिघाड एवढ्याच नावाखाली नोंदवून ठेविली. पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकिले नाही.

त्याच वर्षी हार्वर्ड येथे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली व बोस्टन येथील पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात त्यांचे कार्य सुरू झाले. लवकरच पहिले महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये व पुन्हा १९१७ पासून त्यांनी फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची सेवा केली. मेंदूत शिरलेले लोखंडी तुकडे लोहचुंबकाच्या साह्याने बाहेर काढण्याची पद्धत त्यांनी वापरली, आणि अशा जखमांनी मरणाऱ्यांचे प्रमाण काही महिन्यांतच जवळजवळ निम्म्यावर आणिले. परंतु १९१७ च्या ऑगस्टमध्ये ज्या एका तरुणाच्या मृत्युशय्येजवळ त्यांस उभे राहावे लागले, तो त्यांच्या गुरुतुल्य मित्राचा, ऑस्लरांचा, एकुलता एक पुत्र रिव्हिअर होता. दोन वर्षांनी ऑस्लरही निवर्तले. त्यांच्या पत्नीच्या विनंतीवरून कुशिंग ह्यांनी त्यांचे चरित्र दोन मोठ्या भागांत लिहिले. ते १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले व दुसऱ्या वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. शस्त्र धरणाऱ्या हाताने लेखणीही तितक्याच निष्ठेने धरिली.

१९२६ ह्याच वर्षी त्यांचा वडील मुलगा मोटारीच्या अपघातात मरण पावला. ही वार्ता कानी आली तेव्हा शस्त्रक्रियागृहात एक रोगी त्यांची वाट पाहत होता. पत्नीस ही वार्ता कळवून ते आत गेले, ठरलेली शस्त्रक्रिया त्यांनी पार पाडिली, आणि मगच ते आपल्या दुःखाकडे वळले. ह्यास कोणी कठोरपणा म्हणेल. त्या रोग्याच्या घरच्यांनी त्यास काय म्हटले असेल, हेही वाचकांनी मनात आणावे.

त्यांच्या स्वभावात दोष नव्हते असे नाही. साहाय्यकांवर ते फार रागावत. त्यांच्या जिभेचा मार कित्येक तरुणांस जन्मभर आठवत राहिला. धूम्रपानाचे व्यसन त्यांनी सोडिले नाही, आणि उतारवयात पायांतील रक्तवाहिन्या निकामी होऊन त्यांस फार हाल सोसावे लागले. दुसऱ्याच्या शरीराचे इतके सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्याने स्वतःच्या शरीराकडे दुर्लक्ष करावे, ही मानवी दुर्बलताच म्हणावयाची.

तरीही काम अखंड चालू होते. रक्तस्राव थांबविण्यासाठी चांदीच्या चिमुकल्या चिमट्या त्यांनी प्रचारात आणिल्या. १९२६ मध्ये बोव्ही ह्या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाच्या साह्याने विजेच्या शस्त्राचा उपयोग सुरू केला. १९३१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मेंदूतील गाठीची दोन हजारावी शस्त्रक्रिया केली. अशा शस्त्रक्रियेत पूर्वी रोग्यांचा जेथे मोठा संहार होई, तेथे त्यांच्या हातून मृत्यूचे प्रमाण शेकडा दहांच्या खाली आले.

आणि ह्या सर्व धामधुमीत ती जुनी टिपणे त्यांनी फेकून दिली नव्हती. मिनीसारखे रोगी इतरत्र कोठे आढळतात काय, ह्याकडे त्यांचे लक्ष होतेच. १९३२ मध्ये अशा बारा रोग्यांची हकीकत त्यांनी एकत्र करून प्रसिद्ध केली. त्यांतील काही स्वतः पाहिलेले, तर काही इतर वैद्यांनी वर्णिलेले होते. त्यांपैकी जे मरण पावले होते त्यांच्या तपासणीत कित्येकांच्या पिट्यूटरी ग्रंथीत अगदी बारीक, सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसावी अशी गाठ सापडली होती. एवढीशी गाठ साऱ्या देहाचा आकार बदलू शकते, हा विचार तेव्हा धाडसाचा होता. बारा जणांच्या त्या यादीत मिनीही होती, आणि ती तेव्हा हयात होती. वीस वर्षांपूर्वी जिचे कोडे सुटले नव्हते तिचे नाव त्यांनी उत्तराच्या पानावर पुन्हा लिहिले.

पुढील संशोधनाने ह्या व्याधीचे रहस्य उलगडले. पिट्यूटरी ग्रंथी एका रसाद्वारे मूत्रपिंडांवरील ग्रंथींस हुकूम देते, आणि त्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचा रस स्रवतात. हा रस संकटकाळी शरीरास आधार देतो. परंतु तो सदाच अधिक राहिला तर स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, कातडी विरते, रक्तातील साखर व दाब वाढतात, आणि चरबी हातपाय सोडून चेहरा, मान व पोट ह्यांकडे वळते. बिघाड पिट्यूटरीत असेल तर त्यास कुशिंगचा रोग म्हणतात. मूत्रपिंडावरील ग्रंथीतील गाठीनेही हेच चित्र उमटते. स्वतंत्रपणे होणारा हा विकार फार दुर्मिळ होय. दहा लाख लोकांत वर्षाकाठी सुमारे दोन-तीन. लघवीतील, लाळेतील व रक्तातील कॉर्टिसोल मोजून आता त्याचे निदान करिता येते. परंतु स्टेरॉइड जातीची औषधे दीर्घकाळ घेतल्याने होणारा प्रकार मात्र मुळीच दुर्मिळ नाही. सांधेदुखीवर वा दम्यावर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांत कधी कधी हीच औषधे मिसळलेली आढळतात. अशा पुडीने भूक वाढते, चेहरा भरतो, आणि घरचे लोक प्रकृती सुधारली म्हणून आनंद मानितात! ती प्रकृती नव्हे, विकृती होय. मात्र पुष्कळ दिवस घेतलेले असे औषध एकाएकी बंद करणेही जिवावर बेतते. वैद्याच्या सल्ल्यानेच ते उतरवावे.

चरबी किती आहे ह्याहून ती कोठे आहे ह्यास महत्त्व आहे, हे तत्त्व पुढे निरोगी माणसांसही लागू पडले. बेल्जियमच्या केतले ह्यांनी एकोणिसाव्या शतकात वजनास उंचीच्या वर्गाने भागण्याचे गणित दिले होते. पण ते गणित चरबीचे ठिकाण सांगत नाही. १९४७ मध्ये मार्सेय येथील डॉ. जाँ व्हाग ह्यांनी दाखविले की, कमरेच्या वर साठणारी चरबी मधुमेह व हृद्रोग ह्यांस आमंत्रण देते, नितंब व मांड्यांवरील चरबी तितकी देत नाही. ह्या बाबतीत आपल्या पुण्यानेही जगास एक धडा दिला आहे. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी लॅन्सेट ह्या नियतकालिकात स्वतःचीच मापे छापिली. उंची-वजनाच्या गणिताने दोघांचा अंक एकच, २२.३, पण युडकिन ह्यांच्या देहात चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिक ह्यांच्या देहात शेकडा २१.२! सडपातळ दिसणारा भारतीय मनुष्य आतून किती मेदयुक्त असू शकतो, हे त्या दोन आकड्यांनी सांगितले. म्हणून प्रौढ माणसांनी तराजूबरोबर फीतही हाती घ्यावी. शेवटची बरगडी व कमरेचे हाड ह्यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, फीत न आवळता घेर मोजावा. आपल्याकडे पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रियांचा ८० सेंटिमीटर ह्यांच्या आत असावा, असे तज्ज्ञ मानितात.

बोस्टन सोडल्यावर कुशिंग येल येथे परत आले, व ता. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने न्यू हेवन येथे निवर्तले. मरणोत्तर तपासणीत त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही एक लहानशी निरुपद्रवी गाठ आढळली. नोबेल पारितोषिकासाठी अनेकदा नाव सुचविले जाऊनही ते त्यांस मिळाले नाही. त्यांचा अमूल्य ग्रंथसंग्रह, रोग्यांची टिपणे व छायाचित्रे येल येथे जपून ठेविली आहेत. त्यांची परंपरा आमच्या देशातही पोहोचली. ज्यांनी तरुणपणी ब्रिगहॅम रुग्णालयात त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली ते वाइल्डर पेनफील्ड पुढे माँट्रियल येथे थोर गुरू झाले. आणि त्यांच्यापाशी शिकून आलेल्या डॉ. जेकब चँडी ह्यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूवरील शस्त्रक्रियेचा विभाग स्थापन केला.

विद्यार्थ्यांनो, आपणांपैकी फारच थोडे शस्त्रवैद्य होतील. परंतु वर्गात एखादा स्थूल मुलगा आला की त्यास टोपणनाव ठेवण्याचा प्रसंग आपणां सर्वांवर येतो, आणि शिक्षकही पुष्कळदा तिकडे हसून दुर्लक्ष करितात. दरवर्षी शाळेत मुलांची उंची व वजन घेतात. ते आकडे वहीत पडून राहतात. एखाद्या मुलाचे वजन भराभर वाढत असून त्याची उंची मात्र जागच्या जागी थांबली असेल, तर ते केवळ खाण्याचे फळ नसावे. अशा मुलास वैद्याकडे नेलेच पाहिजे. खाऊन लठ्ठ झालेले मूल सहसा उंचही होत असते. एवढा भेद ओळखण्यास पदवी लागत नाही. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहण्याची तसदी मात्र लागते. देवाने दिलेल्या देहाकडे पाहून हसणे सोपे आहे. त्याकडे नीट पाहणे, पाहिलेले लिहून ठेवणे, आणि पुरावा मिळेपर्यंत निवाडा राखून ठेवणे कठीण आहे. हे ज्यास साधेल त्याच्या हातून एखाद्या दुर्लक्षित जीवाचे कल्याण होईल, असा आमचा विश्वास आहे.